दोन उंचींचा टेबल

मित्रांनो, मी एक जुना, लांबलचक टेबल आहे. शिवणाच्या कारखान्यात माझ्यावर कापड कापतात. माझा मोठा भाग उभ्या माणसाच्या कमरेला लागतो आणि खिडकीकडचा तुकडा वीतभर खाली आहे. आईबरोबर कारखान्यात आलेली मुलं मला बघून हसतात. परवाच एकीने विचारलं, "आई, सुतार झोपेत होता का गं?"

नव्हता बाळांनो, चांगला जागा होता. ती वीतभर खालची जागा हीच माझी जन्माची कमाई आहे. कशी, ते सांगतो.

मी जन्मलो तेव्हा एका उंचीचा होतो. जाड फळ्या, भक्कम पाय आणि गुडघ्याच्या उंचीवर पायांना जोडणारं आडवं लाकूड. "यावर हत्ती उभा करा," असं सुतारकाका म्हणाले होते. हत्ती काही आला नाही, पण शाळेच्या गणवेशांच्या कापडाचे गठ्ठेच्या गठ्ठे आले. थरावर थर पसरायचे, कागदी साचा ठेवायचा, खडूने रेघ मारायची आणि मोठी कात्री चालवायची. हे सगळं करायचे ते आमचे मास्तर. रोज सकाळी ते माझ्यावर हात फिरवायचे, अगदी घरच्या बैलाच्या पाठीवर फिरवावा तसा. मी सुखावून जायचो.

मास्तरांचा एक नियम होता: कापणारा उभा पाहिजे. त्यांच्या मास्तरांनी त्यांना तसं शिकवलं होतं. "बसून कापलेलं कापड वाकडं जातं," असं ते ठासून सांगायचे. माझ्याजवळ कोणी स्टूल आणलं, तरी त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

कोपऱ्यात बटणं लावायला एक ताई होती. लहानपणापासून तिचे पाय चालत नव्हते, म्हणून ती चाकांच्या खुर्चीत बसायची. सगळे तिला बटणताई म्हणायचे. घरी ती भाचरांचे कपडे स्वतः कापून शिवायची. हातातलं बटण शिवता शिवता तिची नजर माझ्याकडे लागलेली असायची. मास्तरांची कात्री वळली की तिचं मनगटही नकळत वळायचं.

मास्तरांबरोबर कापणारा जोडीदार काम सोडून गेला, तेव्हा ती खुर्ची ढकलत मालकीणबाईंसमोर गेली.

"बाई, मला कटिंगला घ्या."

मास्तर हसले. "पोरी, इथं दिवसभर उभं राहावं लागतं."

"उभं राहायचं काम आहे, की कापायचं?"

इस्त्री करणाऱ्या मावशी फिसकन हसल्या. मालकीणबाई म्हणाल्या, "आज कॉलर कापून दाखव. जमलं तर जागा तुझी. नाही जमलं, तर मग बटणंच. पुन्हा विषय काढायचा नाही."

ताई माझ्यापाशी आली आणि अडली. गुडघे आडव्या लाकडाला थटले, माझी कड तिच्या छातीला लागली आणि खडू धरलेला हात कापडाच्या मध्यापर्यंत पोचेना. माझा भक्कमपणाच तिच्या आड आला. आजवर मला वाटायचं, मी सगळ्यांचा टेबल आहे.

मालकीणबाईंनी मायेनेच तिच्या खुर्चीच्या हातांवर एक फळी आडवी ठेवून दिली. ताईने कापायला घेतलं. पण कात्री चालली की फळी सरके आणि फळी सरकली की रेघ सुटे. संध्याकाळी मास्तरांनी कॉलर मधोमध दुमडून धरली. दोन टोकं जुळली नाहीत.

"मी काय सांगत होतो?"

ताई कापलेले तुकडे गोळा करू लागली. तिने बटणांची डबी पुन्हा मांडीवर घेतली, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

मावशींनी इस्त्री उभी करून ठेवली. "अहो मास्तर, तुम्ही घ्या बघू ती फळी मांडीवर. एवढीशी एक कॉलर कापा."

"मला काय शिकवता? आण रे, फळी आण!"

मास्तर दुसऱ्या खुर्चीत बसले, फळी तशीच आडवी घेतली आणि ऐटीत कात्री चालवली. फळी सरकली. मावशींनी कॉलर दुमडली. ती ताईच्या कॉलरपेक्षा वाकडी होती. सगळा कारखाना हसला. मास्तर मात्र हसले नाहीत. ते फळीकडे बघत राहिले.

"हाताचा दोष नाही," ते हळूच म्हणाले. "फळी हलते."

दुसऱ्या दिवशी सुतारकाका आले. माझा खिडकीकडचा तुकडा कापून खाली घ्यायचा आणि त्याचं आडवं लाकूड काढून टाकायचं, असं ठरलं. मास्तर अस्वस्थ झाले. "बाई, टेबल मोडला तर सगळ्यांचंच काम बसेल."

"मोडला तर माझं नुकसान," मालकीणबाई म्हणाल्या. "चालवा करवत."

लाकडाला काळीज नसतं म्हणतात, पण माझ्या काळजात धस्स झालं. करवत फिरली, भुसा पडला. काकांनी कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या मारल्या आणि त्या तुकड्यावर कापडाचा सगळ्यात जड गठ्ठा धाडकन टाकला. मी कुरकुरलो, पण हललो नाही.

ताई खुर्चीसकट थेट माझ्या पोटाखाली शिरली. कोपर टेकलं, खडू चालला, कात्री वळली. मास्तरांनी कॉलर दुमडून धरली आणि उजेडात नेली. टोकाला टोक जुळलं होतं. त्यांनी कानामागचा आपला खडू काढला आणि तिच्यापुढे ठेवला.

"उद्यापासून खिसे पण तूच कापायचे."

बटणांची डबी त्या दिवशी दुसऱ्या कोणाकडे गेली.

त्याला आता बराच काळ लोटला. दिवस भरत आलेली एक शिवणारी खालच्या बाजूला बसून काम करायची. एका ठेंगण्या बाईलाही तीच बाजू आवडते. आणि मास्तर? त्यांचे गुडघे दुखायला लागले, तसे तेही गुपचूप ताईशेजारी स्टूल ओढून बसले.

"मास्तर, बसून कापलेलं वाकडं जातं ना?"

"तुझी जीभ त्या कात्रीपेक्षा धारदार आहे बघ!"

पण ते उठले नाहीत. दोघांच्या कात्र्या माझ्यावर शेजारी शेजारी चालत राहिल्या.

मित्रांनो, ज्या करवतीला मी भ्यालो, तिचे मी रोज आभार मानतो. मावशींच्या जिभेचे आणि बाईंच्या धिटाईचेही. तुम्ही मोठे व्हाल, कुठे कुठे काम कराल, कदाचित दुसऱ्यांना कामाला घ्याल. तेव्हा कोणी टेबलाशी येऊन अडलं, तर लगेच त्याला परत पाठवू नका. आधी वाकून टेबलाखाली बघा. एखादं आडवं लाकूड काढण्यासारखं असेल. आणि टेबलाची काळजी करू नका. आम्हाला वाटतं त्यापेक्षा आम्ही जास्त सोसतो.