डोंग्यातला दुपट्टा

मित्रांनो, जगाचा इतिहास दूरदेशांहून पाण्यावरून आलेल्या माणसांनी घडवला आणि त्या माणसांना पाण्यावरून ज्यांनी वाहून आणलं, त्यांच्या थोर कुळात माझा जन्म झाला. मी एक जुना डोंगा आहे. सध्या माझ्यात कोंबड्या बसतात.

एका अख्ख्या सागाच्या खोडातून मला कोरलं. आरमोरीकडच्या एका गावतलावात मी हयात काढली, पण साग मात्र त्या गावचा नव्हे, पार कुरखेड्याकडच्या रानातला. तो बैलगाडीतून इथवर कसा आला, असं वनखात्याच्या साहेबांनी एकदा विचारलं होतं. तेव्हा बापूजींच्या वडिलांना नेमका खोकला लागला आणि साहेबांची बदली होईपर्यंत काही थांबला नाही.

बापूजी म्हणजे माझे मालक. ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, मोहल्ल्यातलं हे घर पिढ्यान्‌पिढ्या तलावावर जगलं. घराचा नियम असा, की परगावच्या माणसाचा पाय डोंग्याला लागू द्यायचा नाही. लागला तर तलाव रुसतो. मी स्वतःच परगावचा, पण मला पाय नसल्यामुळे ही अडचण कुणाच्या ध्यानात आली नाही.

माझे ते दिवस मोठ्या मानाचे होते. पावसाळा सरला की मला हळदकुंकू लागे, नारळ फुटे आणि मग मरळ नि झिंगे माझ्या पोटात तडफडत. मासे पाण्यात आपोआप होतात, अशी गावाची समजूत होती. पुढे ते आपोआप होईनासे झाले. तलाव गाळाने भरला, जाळी रिकामी येऊ लागली. बापूजींचा मुलगा सुरेंद्र आणि सून डिंपल हिवाळा आला की मिरची तोडायला तेलंगणात जाऊ लागले. गोकुळाबाई, म्हणजे सुरेंद्रची आई, त्या दोघांची ताटं घासून पालथी ठेवायची आणि जाता-येता उगाच पुसायची.

अशात एका पावसाळ्यात खगेन मंडल आला. मोटरसायकलवर पुढे तो, मागे त्याची बायको शेफाली आणि दोघांच्या मध्ये ॲल्युमिनियमची हंडी. हंडीत माशांची एवढी एवढी पिल्लं, गावतलावात सोडून वाढवायला आणलेली. शेफाली हंडीतलं पाणी हाताने सारखी थोपटत होती. पाणी हललं नाही तर पिल्लं गुदमरतात म्हणे. पोराला थोपटावं तसं पाण्याला थोपटणारी बाई गावाने पहिल्यांदाच पाहिली. गाव पोट धरून हसला.

"कुठचा व्हय तू?" बापूजींनी विचारलं.

"चामोर्शीकडचा, जी."

"तसा नाई. असली कुठचा?"

"असली चामोर्शीच्या दवाखान्यातला. आजा होता तिकडला, बंगालातला."

मित्रांनो, या आजाला सीमेपलीकडून घर सोडून यावं लागलं होतं. सरकारने जंगल तोडून त्याला जमीन दिली. ज्यांचं जंगल होतं त्यांना कुणी विचारलं नाही, आणि ज्याला जमीन दिली त्यालाही नाही. नातू आता शाळेतल्या गुरुजींपेक्षा चांगली झाडीबोली बोलत होता, तरी गाव त्याला बांगलादेशीच म्हणे.

मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत बरंच रण माजलं. सुकी झिंगे विकणाऱ्या बायनाबाई म्हणाल्या, आमची पोरं तेलंगणात आणि हे इथी, हा कुठला न्याय. त्यांच्या म्हणण्यात चूक नव्हती, फक्त पोरांना तेलंगणात धाडणारा खगेन नव्हता. शेवटी ठरलं, की एक साल पिल्लं सोडून पाहायची, नफा वाटून घ्यायचा. जमलं नाही तर खगेनने वाट धरायची. डोंग्याला मात्र पाय लावायचा नाही. त्याने बिचाऱ्याने पाळीवरूनच, म्हणजे तलावाच्या बांधावरूनच, पिल्लं सोडली. यंदा तलाव पिकला तर सुरेंद्र घरी राहणार, एवढं गोकुळाबाईने मनाशी धरलं आणि ताटं सुलटी करून ठेवली.

मासे वाढू लागले. मग आभाळ दाटलं ते उघडेना. एका पहाटे पाहावं तो सगळे मासे तोंडं वर काढून आ वासताहेत. पाळीवर गर्दी जमली. तलाव रुसला, बाहेरच्याने नाट लावला, असं जो तो म्हणू लागला.

"रुसला नाई, जी," खगेन म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "माझी चूक हाय. मासे लवकर वाढले पायजे म्हणून शेण लय टाकलं मी, आता पाण्यात हवा नाई. मधात जाऊन पाणी हलवा लागते. डोंगा द्या."

बापूजी माझ्या टोकावर जाऊन बसले. तू सांगशील तसं मी करतो, पण पाय लावू नको, असं खगेनला म्हणू लागले. बापूजींचा दमा सगळ्या गावाला ठाऊक होता. मासे एकेक करून उलटे होत होते. तेव्हा गोकुळाबाई पुढे आली.

"आपला सुरेंद्र त्या मिरचीवाल्याच्या ट्रॅक्टरात बसते," ती म्हणाली. "त्याचा ट्रॅक्टर रुसला का?"

बापूजींनी पाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग खांद्यावरचा दुपट्टा काढला, माझ्या तळाशी नीट अंथरला आणि चारही कोपरे सारखे केले.

"बस," ते म्हणाले. "पाय दुपट्ट्याले लागते, डोंग्याले नाई."

खगेन मध्यावर गेला आणि दोन्ही हातांनी पाणी थोपटू लागला. काठावरून शेफाली उतरली, मग सुरेंद्र, डिंपल, मग गोकुळाबाई. बघता बघता जो गाव हसला होता तो कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून पाणी थोपटत होता. बायनाबाईंनीही थोपटलं, पण तोंड फिरवून.

बरेच मासे मेले. त्याहून जास्त वाचले.

त्या हिवाळ्यात सुरेंद्र गेला नाही. पुढच्या हिवाळ्याचं मला ठाऊक नाही. आरमोरीच्या बाजारात आता शेफाली आणि डिंपल शेजारी बसून मासे विकतात आणि गिऱ्हाईक पळवल्यावरून भांडतात. गोकुळाबाई शेफालीसारखा सरसोंच्या तेलात मासा करते. बापूजी नाक झोंबतं म्हणतात आणि परत वाढून घेतात. तलावात मरळ कमी झाली, हेही खरं. बायनाबाईंच्या सुक्या झिंग्यांना उठाव राहिला नाही. त्या खगेनशी अजून बोलत नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही.

मला भेग पडली. खगेनने पत्र्याची नाव आणली आणि मी बापूजींच्या गुरांच्या कोठ्यात आलो. मित्रांनो, म्हाताऱ्या डोंग्याचं ऐकाल तर माणूस कुठून आला हे जरूर विचारा, पण ते त्याला बसायला देऊन विचारा. जुन्या माणसांची आणि जुन्या वस्तूंचीही कदर करा. माझ्याकरता फार काही नको. माझ्यात बसते ती तांबडी कोंबडी शेफालीची आहे, म्हणजे परगावची. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ती नेमकी माझ्या भेगेवर बसते आणि तिच्या पायांना नखं आहेत.

निदान तिच्याखाली एक दुपट्टा तेवढा अंथरा.