वेगळा कप

चंपतरावांची तेरवी होती. उमरेडच्या खाण-कॉलनीतल्या त्या दोन खोल्यांत पंगती उठत-बसत होत्या, आणि त्यांची लेक प्रेमिला मागच्या दारी आपल्या अरूला वरणभात भरवत होती. बाप गेल्याचं रडू येऊन गेलं होतं. पण आत एक प्रश्न अडकला होता, तो काही रडून सुटेना. बाबांना कळलं होतं का?

अरू नुकती रांगायला लागली होती तेव्हाची गोष्ट. बाबा एसटीनं नागपूरला आले, सदर भागातल्या तिच्या खोलीचा जिना चढले आणि दारातच खोकत बसले. रुमालावर काळपट डाग उमटला. शेजारच्या शोभाताईंनी ते पाहिलं. बाबा गेल्यावर हळूच म्हणाल्या, "हा खोकला साधा दिसत नाही गं प्रेमिला. लेकरू आहे घरात."

झालं. क्षयाचं नाव कुणीच घेतलं नाही, पण ते घरात येऊन बसलं. दुसऱ्याच दिवशी प्रेमिलानं निळ्या फुलांचा एक कप आणला. पुढच्या खेपेला त्यात चहा दिला. "खास तुमच्यासाठी आणला, बाबा." तो कप वेगळा धुवायचा, वेगळ्या कोनाड्यात पालथा घालायचा. बाबांनी अरूसाठी हात पुढे केले की कधी ती आत्ताच झोपलेली असायची, कधी तिला सर्दी असायची, कधी तिच्या अंगाला तेल लावलेलं असायचं.

मग बाबांनी हात पुढे करणंच सोडलं. दाराजवळच्या खुर्चीवर बसायचे आणि तिथूनच जिभेनं टकटक आवाज काढायचे. अरू खिदळायची. कितीही घासून आंघोळ केली तरी खाणीची काळी रेघ त्यांच्या पापण्यांच्या कडेला राहायचीच. "पाह्य वं अरू, तुह्या आजोबानंबी काजळ घातलं!" चहा झाला की उठून स्वतःच कप विसळायचे, स्वतःच कोनाड्यात पालथा घालायचे.

एवढं करणाऱ्या माणसाला काहीच कळलं नसेल?

डॉक्टरांना विचारलं असतं, बाबांनाच विचारलं असतं, तर एका वाक्याचं काम होतं. पण तिनं विचारलं नाही. हिवाळ्यात त्यांचा श्वास पुरेनासा झाला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जावयाला, गिरिधरला, बाजूला घेऊन सांगितलं, छातीत कोळशाची धूळ भरलीय. क्षय नाही, कधीच नव्हता. गिरिधरनं घरी येऊन सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. लाटतच राहिली. त्याच रात्री बाबा गेले.

"पाणी टाक वं पोरी हातावर." लहानूकाका मागच्या दारी आले होते. बाबांच्याच पाळीतले, खाणीत जन्मभर त्यांच्या शेजारी उभे राहिलेले.

तिनं तांब्या वाकवला. आईला विचारायची हिंमत झाली नव्हती, ती इथे झाली. "काका, बाबा माझ्याबद्दल काही बोलायचे का?"

"बोलायचे? कान किटवले त्यानं आमचे! पोरीनं माह्यासाठी सायबाचा कप आणला, फुलाफुलाचा. खाली उतरलं का तेच पुराण."

प्रेमिलाच्या छातीतलं ओझं पहिल्यांदाच जरा हललं. नव्हतंच कळलं त्यांना.

काका धोतराला हात पुसत हसले. "मीच एक दिवस चिडलो. म्हटलं, अरे चंपत, हे धुळीचं दुखणं हाये, लागट नाई, हे पोट्टीले सांगत काहून नाई? खाली आमी एकाच ढेपीचा गूळ खातो, धूळ उतराले. याचा चावा झाला का त्याच्या हातात. लागट असतं तं अख्खी पाळी दवाखान्यात नसती का?"

तिचा चेहरा पाहून त्यांचं हसू विरलं.

"मग? काय म्हणाले?"

"जाऊ दे ना वं आता."

"सांगा काका."

काका अंगणाकडे बघत बोलले. "म्हणे, राहू दे गा. लेकराले जपून राहिली ते. आता सांगतलं तं तिले वाटंल, आपण बापाले दूर बसवलं. जलमभर वाटत राहीन तिले."

प्रेमिलानं तांब्या खाली ठेवला. एवढ्यात अरू भाताचे हात घेऊन दुडदुडत काकांच्या पायाशी आली. काका चटकन मागे सरले, दोन्ही हात वर धरून. "मी नाई लावला हात, पाह्य."

प्रेमिलानं अरूला उचललं आणि सरळ त्यांच्या हातांत दिलं. "घ्या काका. घ्या ना."

खरखरीत हात अंगाला लागले तशी अरू ताठ झाली. तिनं पाय झाडले, मान मागे टाकली आणि भोकाड पसरलं. काकांनी बाबांसारखाच जिभेनं टकटक आवाज काढून पाहिला, पण ती काही ऐकेना.

"घे वं परत," काका म्हणाले. "तिची काय चूक? म्हाताऱ्या मानसाची सवय नाई तिले."

अरू दोन्ही हात पसरून आईकडे झेपावत होती. प्रेमिलाला वाटलं, अजून थोडा वेळ, होईल सवय. पण पोर रडून लाल झाली होती. घ्यावंच लागलं.