जोडीचा पाट

गुंडा हवालदारानं आपलं अंथरूण गोठ्यात नेलं, तेव्हा बायकोनं, राहीबाईनं, कारण विचारलं. "म्हशीचं दिस भरल्यात," तो म्हणाला. म्हैस व्याली, रेडकू दावणीला उड्या मारायला लागलं, तरी अंथरूण काही घरात आलं नाही.

खरं कारण उजव्या जांघेत होतं.

इटलीतल्या लढाईवरून परतला आणि त्याच्या हातापायांचे सांधे धरले. तांब्या उचलेना, सदऱ्याची गुंडी लागेना. अशी पाच-सहा वर्षं काढल्यावर सांगलीच्या एका डॉक्टरनं त्याला परदेशातून आलेल्या नव्या गोळ्या दिल्या. कॉर्टिझोन. हवालदार परत धार काढू लागला. गाल भरले, भूक सुटली. आणि मग वर्षाच्या आतच जांघेत कळ उठली, खोल, हाडाच्या मुळाशी. मांडी घालून बसलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. भुईवरून उठताना तोंडातून आवाज फुटायचा. तो राहीच्या कानी पडू नये म्हणून गोठा.

सांगावं कुणाला? जागाच असली. परमुलखात राहून आलेल्या शिपायाची जांघ दुखते म्हटल्यावर गाव एकच अर्थ काढणार.

"काय हवालदार, घोड्यावनं उतरल्यागत चालतायसा!" पारावरून आप्पासो ओरडला होता. "इटलीच्या मेमनं काय आठवण दिली का काय?"

सगळे हसले. हवालदारही हसला. दुसऱ्या दिवसापासून तो पाराची वाट सोडून बांधाबांधानं मळ्यात जायला लागला. बांधावर टिटव्या होत्या. त्या ओरडायच्या, पण विचारायच्या नाहीत.

सांगलीला डॉक्टरनं पाय वळवून पाहिला. "गाठ नाही. रक्तात दोष नाही. तसला आजार नाही, हे मी लिहून देतो."

"मंग दुखतं कशानं? ह्या गोळ्यांनी तर न्हवं?"

"औषध नवं आहे, हवालदार. मलाच अजून सगळं ठाऊक नाही. पण गोळ्या एकदम तोडू नका."

नाव नसलेलं दुखणं घेऊन तो मोटारीनं परत आला. गावाला दाखवायला नाव लागतं.

अंबूचं लग्न तोंडावर आलं. अंबू त्याच्या थोरल्या भावाची पोर. भाऊ-भावजय प्लेगाच्या साथीत गेली, तेव्हा ती रांगत होती. राहीबाईला मूलबाळ नव्हतं. तिनं पदराखाली घेतली ती आजवर. कन्यादानाला जोडीनं पाटावर बसायचं ते ह्या दोघांनीच. हळदीच्या आदल्या दिवशी हवालदार म्हणाला, "नानासो आन् शालूबाई बसतील. मला न्हाई जमायचं."

राहीबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. बायकांना कळायला किती वेळ? हळद दळताना नानासोच्या बायकोनं, चुलतजाऊ शालूबाईनं, मुद्दाम गळा काढला:

मांडवाच्या दारी, चुलता उभा ऱ्हातो
लेकीचा हात देवा, कुनाच्या हाती देतो

दळणाऱ्या बायका खाली बघून हसल्या. राहीबाई चुलीपाशी गेली आणि तिथंच बसून राहिली. हवालदारानं गोठ्यातून ते ऐकलं. चुलीकडं तोंड केलेली राही त्याला दारातून दिसत होती. तिची पाठ हलत होती.

लग्नाच्या दिवशी भटजींनी हाक दिली. नानासो फेटा सावरत उठला, तोवर हवालदार येऊन पाटावर बसला होता. मांडी घातली तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला. राहीबाई लगबगीनं शेजारी आली.

मंत्र चालू असताना तो पुटपुटला, "राही, जांघंत दुखतंय. लय दुखतंय. पन गाव म्हनतंय त्ये न्हाई गं. डागदरनं बघितलंय."

राहीबाईच्या हातातल्या तांब्याची धार अंबूच्या हातावर पडत होती. "आन् आंथरून?"

"आरडाया येतं उठताना. तुला ऐकू जाईल म्हनून."

"मला वाटलं, मीच नगं झाले तुमास्नी," ती म्हणाली. धार वाकडी झाली. "वहिनी, इकडं लक्ष द्या," भटजी म्हणाले.

विधी आटोपला. मंडळी उठली. हवालदारानं हात टेकला, जोर लावला. पाय आपला राहिलाच नव्हता. मलकापूरचे व्याही समोर उभे. आप्पासो बघत होता.

राहीबाई अर्धी उठली होती. ती परत खाली बसली, पदर पसरून, ऐसपैस.

"आवं, मला बी उठवंना आता! लेक दिली म्हंजी कंबरच मोडली म्हना की!" ती मोठ्यानं म्हणाली. बायका हसल्या, एकदोघींनी डोळे पुसले. "अंबे, हितंच यी गं पाया पडाया."

अंबू आली, वाकली, रडली. मग सगळे वेशीपर्यंत गाडी घालवायला निघून गेले. बैलांची घुंगरं पांदीत शिरली, ओढ्यापाशी विरली.

मांडवात दोघंच उरली. राहीबाईनं त्याचा पाय दोन्ही हातांनी धरून हळूच सरळ केला. तो ओरडला. गोठ्यात कोंडलेला सगळा आवाज त्या ओरडण्यात होता.

"वरडा," ती म्हणाली. "आता कोन न्हाई हितं."