शेवटची कात

लोक त्यांना खंडोबाचे घोडे म्हणतात. नागूबाईच्या घरात बुद्धाची तसबीर, तिथं ते नुसते किडे. हिरवे, बोटाएवढे, पुढचे दोन पाय जोडून बसणारे. जोडलेले हात बघून लोकांना भक्ती आठवते. भक्ती कसली? माशी टप्प्यात आली की ते हात काय करतात ते एकदा बघा, मग बोला.

किडे पाळतो तिचा मुलगा नवनाथ. चार महिन्यांपूर्वी त्यातला एक नागूबाईच्या हातून मेला. एका खासगी दवाखान्यात तिनं सव्वीस वर्षं काढली. कागदावर आया, कामाला सुईण. बाळ अडलं की डॉक्टर यायच्या आत ओढायला ही, आणि पेढे डॉक्टरांना. तिच्या हातांना एवढंच ठाऊक: अडलं की धरायचं. किडा जुन्या कातीतून निम्मा बाहेर येऊन थांबलेला दिसला, तशी हिनं दोन बोटांनी कात ओढली. कातीबरोबर पायही आला. संध्याकाळी किडा मेला.

"दवाखान्यातबी असंच करत होतीस का?" नवनाथनं विचारलं, आणि मग महिनाभर बोलला नाही. चाळिशीचा माणूस, बायको सोडून गेलेली, घरात दोघंच. तशा घरात महिनाभर गप्प राहणं मारापेक्षा वाईट.

आता नवनाथचं टेंभुर्णीला इन्व्हर्टर बसवायचं दोन दिवसांचं काम निघालं. बरणीत एकच मादी उरली होती. चार दिवस तिनं काही खाल्लं नव्हतं. झाकणाच्या जाळीला उलटी लटकलेली, पाठीवरच्या पंखांच्या कळ्या टम्म फुगलेल्या.

"शेवटची कात हाय. आता पंख घेऊनच निघंल," नवनाथ म्हणाला. "बरणी हलवायची न्हाय, उघडायची न्हाय. खायलाबी टाकू नको. जिवंत किडा आत असला तर उलटा हिलाच कुरतडंल. कळलं का?"

"कळलं की."

"मागल्या वेळीबी कळलंच होतं."



दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारची सुंदरम्मा विड्या वळायचं सूप मांडीवर घेऊन दारात बसली होती. बरणीत मादीची पाठ उकलली. डोकं निघालं, छाती निघाली. पुढचा डावा पाय अडकला. तिनं दोनदा अंग झटकलं आणि थांबली.

"नागू, जाईल की गं ती. धर जरा."

"न्हाय."

"सव्वीस वर्षं काय केलंस मग?"

"तेच केलं. म्हणून न्हाय."

नागूबाईनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि त्यांवर बसून राहिली. बोटं खालून वळवळत होती. अर्धा तास थांबलं असतं तर आपोआप सुटल्या असत्या अशा किती बाया तिच्या हातांखालून गेल्या. घाई बाळाला नव्हती, बाईलाही नव्हती. घाई कॉटला होती, बाहेर पुढची पेशंट उभी. हे तिला आज एका किड्यासमोर कळलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. तिला तेव्हाही कळत होतं. पण आयेला कोण विचारतं? आणि विचारलं नाही म्हणून आयेचे हात धुतले जातात का? तेही नाही.

सुंदरम्माचा पंचवीस विड्यांचा एक कट्टा वळून झाला. मादीनं अंग वर उचललं, जाळी पकडली आणि कात सोडली. डावा पाय निघाला, पण वाकडा. पंख चुरगळलेल्या कागदासारखे होते. ते हळूहळू उलगडले. मग कुठं नागूबाई उठली. हातांना मुंग्या आल्या होत्या.

नवनाथ आला तो तिसऱ्या दिवशी सकाळी सकाळी. पिशवी न ठेवताच बरणीपाशी गेला.

"ओढलंस."

"न्हाय."

"मग पाय असा कसा?"

"तसाच निघाला."

"मी होते की हितं," सुंदरम्मा दारातून म्हणाली. "हिनं तर..."

"तू गप," नागूबाई म्हणाली. "माझ्या घरात मला साक्षीदार नको."

नवनाथनं आईकडं बघितलंही नाही. डबीतला रातकिडा चिमट्यात धरला आणि बरणीची जाळी सोडायला लागला. "आता हिला शिकार जमणार न्हाय. भरवावंच लागंल."

नागूबाईनं बरणीच्या तोंडावर तळवा ठेवला.

"आज न्हाय. अजून मऊ हाय ती. उद्या, न्हायतर परवा."

हे त्यालाही ठाऊक होतं. रागात विसरला होता. तरी चिमटा तसाच धरून उभा राहिला.

"हात मागं घे, नवनाथ."

त्यानं घेतला. रातकिडा डबीत सोडला, डबीचं झाकण दोनदा दाबून बघितलं.

"किती वेळ बसली होतीस?"

"सुटंस्तवर," ती म्हणाली.