धुलाईचा शनिवार

माझ्या क्लासात दर बॅचच्या शेवटच्या शनिवारी ‘धुलाई’ असते. नाव पोरांनीच पाडलंय. पुसदच्या बसस्टँडमागे, एका कापड दुकानाच्या माडीवर, मी चौदा वर्षं वेबसाइटचे टेम्प्लेट बनवायला शिकवतो, आणि धुलाई झाल्याशिवाय माझ्याकडून एकही पोरगा किंवा पोरगी बाहेर पडलेली नाही.

धुलाई म्हणजे काय, ते सांगतो. साइटला तयार साचा मिळतो, त्याला थीम म्हणतात. त्या साच्यातच हात घालून रंग, अक्षरं, मांडणी बदलली तर दिसतं झकास. पण साचा बनवणारे अधूनमधून त्याची नवी आवृत्ती काढतात. तुम्ही ‘अपडेट’ दाबलं की जुना साचा जातो आणि त्याच्यासोबत तुमची सगळी मेहनत जाते. म्हणून शहाणा माणूस आधी साच्याचं एक पिल्लू काढतो, चाइल्ड थीम, आणि जे काय करायचं ते पिल्लात करतो. हे सांगायला दोन मिनिटं लागतात. मी सांगत नाही. सांगितलेलं या कानातून शिरतं नि त्या कानातून निघतं. ठेच लागली तरच माणूस खाली बघून चालतो. बावीस दिवस पोरं चुकीच्या जागी खपतात, मी मागून ‘छान, छान’ म्हणत फिरतो, आणि शेवटच्या शनिवारी एकेकाच्या मशीनवर जाऊन स्वतः अपडेट दाबतो. जुने विद्यार्थी नव्यांना आधी काही सांगत नाहीत. उलट त्या दिवशी मजा बघायला येतात.

मी राक्षस नाही. शुक्रवारीच सगळ्या मशीनची कॉपी माझ्या कपाटातल्या डिस्कवर घेतलेली असते. चार वाजता ती काढतो, समोसे मागवतो आणि डोळे पुसून बसलेल्या पोरांना चाइल्ड थीम शिकवतो.

या बॅचला संगीता होती. तांड्यावरची, सव्वीस वर्षांची, एका आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात मदतनीस. पहाटे दोनशे पोरांच्या पोळ्या लाटून बाराच्या टायमाला क्लासात यायची. ओढणीला धुराचा वास असायचा आणि मधूनच खोकायची. शाळेला कॉम्प्युटरवर बसणारं माणूस हवं होतं. मुख्याध्यापक तिला म्हणाले होते की शाळेची वेबसाइट करून दाखव, सोमवारी संस्थेचे लोक येणार आहेत, त्यांना पसंत पडली तर तू ऑफिसात. पहिल्याच दिवशी तिने मला हे सांगितलं.

“सर, मले चुलीपासून सुटायचं हाय. डॉक्टर म्हणते, धूर सोड. आता कसा सोडू?”

तिने शाळेच्याच साइटवर काम करायची परवानगी मागितली, म्हणजे सोमवारी धावपळ नको. मी मोठ्या मनाने शाळेच्या नावाने इंटरनेटवर साइट उघडून दिली. म्हणजे तिचं काम क्लासच्या मशीनवर नव्हतंच, दूर सर्व्हरवर होतं. तिथे कॉपी ठेवायची सोय आम्ही घेतली नव्हती.

आता खरं बोलतो. तिचं टेम्प्लेट बघून माझ्या पोटात दुखलं. बाकीची पोरं वर हलणारी चित्रं आणि मोठमोठे फोटो लावत होती. तिने वर एकच ओळ ठेवली: ‘लेकरांना भेटायचा पुढचा रविवार’, आणि खाली बोटाएवढ्या अक्षरांत तारीख. त्याखाली तीन जाड बटणं, सुट्टी कधी, लेकरू आजारी आहे का, फोन लावा. बस. मी विचारलं, बाकीचं कुठे आहे?

“मायबाप ऊसतोडीले जाते सर, कोल्हापुराकडं. उन्हात उभं राहून फुटक्या मोबाइलवर पाहते. त्याईले बाकीचं कायले पाह्यजे?”

चौदा वर्षांत माझ्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं. बाईला कोड धड वाचता येत नव्हतं, आणि तिला ते दिसलं होतं जे मला दिसलं नव्हतं. मी म्हणालो, “छान.”

शनिवार आला. बबलूसारखी जुनी पोरं दात काढत मागे उभी राहिली. मी एकेक मशीन धूत निघालो. पहिल्याच मशीनवरची जेबा रडली, दुसरा एक जण खुर्ची लाथाडून बाहेर गेला, सगळे हसले. मग संगीताची पाळी आली. माऊसवर हात ठेवला आणि मला आठवलं की हिची कॉपी नाही.

नंतर मी सगळ्यांना सांगितलं की विसरलो होतो. विसरलो नव्हतो. हात थांबला होता. मागून बबलू म्हणाला, “काय सर, इले माफी का?” आणि पोरं खिदळली. मी दाबलं.

लेकरांना भेटायचा रविवार गेला. त्याजागी साच्यातला, लॅपटॉप घेऊन हसणारा कुठलातरी गोरा माणूस आला.

“सर, हे वापस येते न?” तिने विचारलं.

“नाही.”

चार वाजता बाकीच्यांना त्यांचं काम परत मिळालं. समोसे आले. ती आपल्या स्क्रीनसमोर बसून होती. मी सगळ्यांदेखत म्हणालो, “आपली कॉपी आपण ठेवायची असते. चूक तुझी आहे.”

ती रडली नाही. म्हणाली, “मी चुकीच्या जागी करून राह्यली, हे तुमाले मालूम होतं?”

“हो.”

“कवापासून?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मंग बावीस दिवस छान काहून म्हणत होते?”

मी तिच्यापुढे समोशाची बशी सरकवली. तिने ती जेबाकडे सरकवली आणि ओढणी सावरून जिना उतरली.

सोमवारी तिने काय दाखवलं, कोण जाणे. ऑफिसातली खुर्ची मुख्याध्यापकांच्या मेहुण्याला, इंद्रजीतला मिळाली. त्याला यातलं ओ की ठो येत नाही. म्हणून पंधरवड्याने शाळेने साइटचं काम मलाच दिलं.

मी तिचंच टेम्प्लेट पुन्हा केलं. बावीस दिवस मागे उभं राहून पाहिलं होतं, रेघ न् रेघ पाठ होती. यावेळी अर्थातच चाइल्ड थीममध्ये. सगळं मिळून पाच तास लागले. त्या शनिवारी समोसे खाऊन बसलो असतो तर रविवार उजाडायच्या आत तिच्या हातात दिलं असतं.

बसवून द्यायला शाळेत गेलो तेव्हा चहा घेऊन तीच आली. हाताला कणीक होती. मुख्याध्यापक कौतुकाने म्हणाले, “बघ संगीता, सरांनी काय डोकं चालवलंय!” तिने ट्रे खाली ठेवला, स्क्रीनजवळ वाकली, वरून खालपर्यंत सावकाश पाहिलं. एका जागी तिची नजर थांबली. मग ती माझ्याकडे वळली.

“छान झालं, सर,” म्हणाली, आणि खोकत स्वयंपाकघराकडे गेली.

‘छान’ कधी म्हणतात ते मला माहीत आहे. त्याला आता चार महिने झाले. रोज क्लास उघडला की आधी ती साइट उघडतो, वरून खालपर्यंत बघतो, एकेक बटण दाबून पाहतो. तिला दिसलेली चूक मला अजून सापडलेली नाही.