सात नंबरच्या टेबलावरचा झेंडा

मित्रांनो, मी एक जुना झेंडा आहे, पण किल्ल्यावरचा नाही की शाळेवरचा नाही. बदलापूरच्या एका बार्बेक्यू हॉटेलात सात नंबरच्या टेबलावर मी असतो. वीतभर उंची, लाल कापड, खाली लाकडी बूड. उल्हासनगर कॅम्प एकमधल्या एका बाईने पडदे शिवून उरलेल्या तुकड्यातून मला शिवले. शिवण तिने दोनदा घातली, म्हणून मी अजून टिकलो आहे.

माझे काम सोपे आहे. टेबलाच्या मधोमध निखाऱ्यांची शेगडी असते. मी उभा असेन तोवर वेटर तिच्यावर सळ्या आणून लावत राहतो, कधी चिकनच्या, कधी पनीरच्या. पोट भरले की मला आडवे करायचे. वाहवा सगळी सळ्यांची होते. मला पाडतात, आणि एखादा तर मलाच हात पुसतो. याचा सल माझ्या मनात होता, खोटे कशाला बोलू?

गेल्या वर्षी अंबरनाथहून हरिचंद्र आजोबा आले. त्यांची पंच्याहत्तरी होती, म्हणून नात उन्नती त्यांना आणि काशी आजींना घेऊन आली होती. आजोबांच्या पोटाचे ऑपरेशन होऊन दोनच महिने झाले होते. “डॉक्टरांनी बेताचं खायला सांगितलंय हां, आजोबा,” असे उन्नती बसता बसताच म्हणाली.

दोन फेऱ्या झाल्यावर तिने मला आडवे केले. आजोबांनी लगेच उभे केले.

“झेंडा खाली पारायचा नाय, पोरी.”

कारखान्यात नोकरी असेपर्यंत दर पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी त्यांच्याच हाती असे. उन्नतीला वाटले, आजोबांना अजून हवे आहे. वाढदिवसाला कशाला अडवायचे, म्हणून तिने हसून मला तसेच उभे राहू दिले. हितेश वेटर मला उभा बघून सळ्या आणत राहिला.

“पुरं करा ना आता,” आजी म्हणाल्या.

“पानात आलेला टाकू कसा?” आजोबा म्हणाले आणि खात राहिले.

मित्रांनो, जन्मात पहिल्यांदाच कोणीतरी मला मान दिला होता. मी फुलून गेलो. माझे बूड तेव्हाच सैल झाले होते आणि एसीचा वारा थेट अंगावर येत होता. जरासा ढिला पडलो असतो तरी आपसूक आडवा झालो असतो. आजोबांच्या कपाळावर घाम आला होता, एक हात पोटावर गेला होता. मला ते दिसत होते, तरी मी ताठ उभा राहिलो.

शेवटी आजोबा खुर्चीतच कलंडले. हितेशने धावत जाऊन रिक्षा आणली. त्यांना दवाखान्यात नेले, एवढेच मला कळले. पुढचे चार महिने मी झुरत होतो.

मग एके दुपारी ते तिघे पुन्हा आले. आजोबांचे गाल पार बसले होते. या वेळी हितेशने माझी रीत आधी समजावून सांगितली. आजोबांनी पनीरचे दोन तुकडे खाल्ले. मग दोन्ही हातांनी मला हळूच आडवे केले आणि माझी चुरगळलेली कड बोटाने सरळ केली.

“माफ कर रं बाला,” ते म्हणाले. “तुला उगाच ताटकलत ठेवला.”

माफी त्यांनी मागितली. गुन्हेगार मी होतो.

मित्रांनो, घरातल्या मोठ्यांना नव्या ठिकाणी न्याल तेव्हा तिथली रीत त्यांना आधी सांगा. आणि तुम्हाला कोणी मान दिला, तर त्याच्या कपाळावरचा घामही बघा. मी तर तो बघितलाही होता.