दिपमालाचा गंधार

मित्रांनो, शिरपूरच्या शाळेत बँडच्या खोलीत खिडकीखाली जी काळपट पेटी, म्हणजे हार्मोनियम, दिसते ना, ती मी. सुताराने मला सागवानी अंग दिलं, कारागिराने प्रत्येक पट्टीखाली पितळेची पातळ जीभ बसवली, आणि तेव्हापासून माझं कौतुकच झालं. कौतुकाने माणसं चढतात, तिथे लाकडाचं काय!

आमचे युसूफ मास्तर लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात आणि शाळेत नवशिक्या मुलांना शिकवतात. त्यांच्याकडे आल्याआल्या कुणाला वाद्य मिळत नाही. आधी ‘केळी, केळी, ट्रॅक्टर’ म्हणत टाळ्यांवर ताल धरायचा, मग डोळे मिटून माझा सूर ओळखायचा, मग तो गाऊन दाखवायचा. “जे गळ्यात नाही, ते वाद्यात कुठून येणार?” असं ते म्हणतात.

यंदा सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून दिपमाला आली. बोलणं अहिराणी, कान तल्लख. प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत ट्रम्पेट वाजवायचं, एवढंच तिला हवं होतं.

घोळ माझ्यामुळे झाला. खिडकीपलीकडे कापसातून सरकी काढणारी जिनिंग गिरणी आहे. हंगामात उडणारे तंतू माझ्या गंधाराच्या जिभेला चिकटत गेले आणि गंधार हळूहळू उतरला. मास्तर लग्नसराईत गुंतलेले, मला उघडून पुसायचं राहून गेलं. बँडच्या दणदणाटाने थकलेल्या त्यांच्या कानांना तो उतरलेला सूर सवयीचा झाला.

माझा उतरलेला सूर ऐकूनही दिपमाला गायली ती खरा गंधार. वर्गातला स्वप्नील फिदीफिदी हसला. मास्तर म्हणाले, “बेटा, सूर चढला. पेटी झूठ नाही बोलत.” ती पुन्हा गायली, पुन्हा खराच. मग तिच्या हातात ट्रम्पेटऐवजी झांजा आल्या. मी सांगणार तरी कशी? भाता हलला की मी बोलते, आणि बोलले की खोटंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा उभी राहिली आणि हुबेहूब माझ्यासारखा उतरलेला गंधार गायली. जाणूनबुजून. “शाब्बास!” म्हणत मास्तरांनी तिला ट्रम्पेट दिलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ती खाली बघत होती.

तालमीच्या दिवशी मुलं आधी माझ्या सुरावर गात होती; मास्तरांनी त्यांच्यासोबत पहिल्यांदाच आपलं क्लॅरिनेट वाजवलं, तेव्हा त्यांचा गंधार आणि मुलं गात होती तो गंधार एकमेकांशी भांडू लागले. त्यांनी क्लॅरिनेट तपासलं, मग मला उघडलं. जिभेवर कापूस! एका कुंचल्याचं काम होतं. सूर जागेवर आला आणि मास्तरांना दिपमालाचा तो ‘चढलेला’ सूर आठवला.

मग त्यांनी दिपमालाला बोलावलं. “बेटा, गंधार म्हण.”

ती हळूच म्हणाली, “कोनता म्हनू, सर? मना का पेटीना?”

मास्तरांनी सगळ्या वर्गासमोर आपले कान पकडले. “तुझा, बेटा. तुझाच बरोबर होता.”

ती गायली. सूर नेमका लागला, पण गाण्याआधी तिने अंदाज घेत माझ्याकडे पाहिलंच.

मित्रांनो, आम्हा वाद्यांना वेळच्या वेळी उघडा, पुसा. माझी जीभ साफ झाली, पण त्या पोरीचा स्वतःच्या कानावरचा संशय पुसून काढणारा कुंचला कुठे मिळतो? कुणाला बेसूर म्हणण्याआधी आमच्या पोटात एकदा डोकावून बघा. आता दिपमाला गायला उभी राहिली, की मला एकच वाटतं: आधी तिला गाऊ द्या, माझा भाता नंतर हलवा.